डिसाइडचं डिसिजन, ग्रोचं ग्रोथ: इंग्रजी क्रियापदातून नाम आणि विशेषण कसं निघतं

निफाड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी बारावीला. क्लासमध्ये तिला क्रियापद, नाम, विशेषण असा तीन रकान्यांचा लांबलचक तक्ता मिळालाय. ती तो रोज घोकते, तोंडी विचारलं तर धडाधड सांगते, पण पेपरात 'अधोरेखित शब्दाचं नाम वापरून वाक्य पुन्हा लिहा' असं आलं की अडखळते. ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: यामागे काही नियम आहे की सगळं पाठच करायचं, आणि तक्ता येत असून वाक्य का चुकतं? घरी द्राक्षबाग आहे, स्वतःचं शिक्षण मराठीतून झालंय, तेव्हा मलाही कळेल आणि मुलीलाही सांगता येईल असं लिहा, असंही त्या म्हणतात.

ताई, मी नाशिकमध्ये बरीच वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते आहे आणि हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण याच तक्त्यामुळे हुशार मुलं इंग्रजीला घाबरायला लागलेली मी पाहते. नियम आहेत. त्यातले निम्मे तुम्हाला आत्ताही येतात, फक्त मराठीतले म्हणून येतात.

छाटणे, छाटणी. फवारणे, फवारणी. विरळणे, विरळणी. पेरणे, पेरणी. हे तुम्हाला कुणी तक्ता देऊन शिकवलेलं नाही. क्रियापदाला 'णी' लागली की कामाचं नाव तयार होतं, हे कानानेच कळलेलं आहे. इंग्रजीत हेच काम 'इंग' करतं. प्रून म्हणजे छाटणे, प्रूनिंग म्हणजे छाटणी. स्प्रे, स्प्रेइंग. थिन, थिनिंग. पॅकहाउसमध्ये जे ग्रेडिंग, पॅकिंग, प्री-कूलिंग चालतं तेही तेच. आणि 'इंग' तर 'णी'पेक्षाही उदार आहे. कॅन, मस्टसारखी मोजकी साहाय्यक क्रियापदं सोडली तर इंग्रजीतल्या कुठल्याही क्रियापदाला तो लागतो.

मग सगळीकडे 'इंग' लावून का भागत नाही? कारण बऱ्याच क्रियापदांना स्वतःचं वेगळं नाम आधीपासून आहे, आणि ते असताना 'इंग' लावलं की कानाला खटकतं. गाडीच्या येण्याला कुणी 'द अरायव्हिंग ऑफ द ट्रेन' म्हणत नाही, 'अरायव्हल' म्हणतात. नाशिकरोड स्टेशनवरच्या फलकावर अरायव्हल आणि डिपार्चर हे दोन शब्द शेजारी शेजारी असतात. एकाला 'अल' लागलाय, दुसऱ्याला 'चर'. मुलीला पडणारा खरा प्रश्न हाच आहे: याला अल आणि त्याला चर, हे ठरवलं कुणी?

त्याचं उत्तर इतिहासात आहे. इंग्रजीचं मूळ घराणं जर्मानिक, म्हणजे जर्मन भाषेच्या नात्यातलं. सन १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या कित्येक पिढ्या दरबार आणि न्यायालयं फ्रेंचमध्ये चालली. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधूनही शब्द आणले. म्हणून इंग्रजीत दोन गोतावळे आहेत. एक घरचा, जुना, छोट्या शब्दांचा: गो, गिव्ह, सिंग, ग्रो, थिंक, सेल. दुसरा फ्रेंच-लॅटिनमधून आलेला, लांब शब्दांचा: डिसाइड, परमिट, प्रोड्यूस, गव्हर्न, अराइव्ह. दोघांच्या नाम करायच्या रीती वेगळ्या.

मराठीतही अगदी हेच आहे. 'पेर'चं पेरणी होतं, 'लढ'चं लढाई, 'टिक'चं टिकाऊ, 'हस'चं हसरा, आणि 'वाढ'चं नुसतंच वाढ. पण 'वाच' घेतला की वाचन, वाचक, वाचनीय अशी संस्कृतच्या वळणाची रांग लागते. 'पेरनीय' किंवा 'छाटनीय' कुणी म्हणत नाही. म्हणजे कुठला प्रत्यय कुठल्या घराण्याचा याचं भान तुमच्या मुलीला मराठीत पक्कं आहे. इंग्रजीत तेच जागं करायचं आहे.

तक्त्यातला शब्द हाती आला की आधी त्याचं घराणं बघायचं. एकाच अवयवाचा (म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा), रोजच्या जगण्यातला छोटा शब्द असेल तर बहुधा घरचा. त्याचं नाम पुष्कळदा काहीच न बदलता होतं: वॉक, रन, हेल्प, होप, वर्क. कधी आतला स्वर फिरतो: सिंगचं साँग, सेलचं विक्री या अर्थी सेल (उच्चार एकसारखा वाटला तरी स्पेलिंग निराळं). गिव्हचं गिफ्ट, फ्लायचं फ्लाइट, थिंकचं थॉट, लूजचं लॉस. ग्रोचं ग्रोथ आणि डायचं डेथ, यांना 'थ' लागतो. या घरच्या शब्दांना नियम लावत बसू नये. ते थोडे आहेत, फार वापरातले आहेत, ते पाठच करायचे. तिच्या तक्त्यात असे शब्द फार तर दोन पानं भरतील.

पाठांतर वाचतं ते दुसऱ्या घराण्यात, आणि तक्त्याचा मोठा भाग तोच असतो. या शब्दांच्या पुढे उपसर्ग दिसतो: रि, डि, प्रो, पर, कॉन, ॲड, एक्स, इन, सब. संस्कृतात प्रहार, विहार, संहार, आहार हे सगळे एका 'हृ' धातूचे असतात, तसं इथे उपसर्ग काढला की खाली एक धातू उरतो, आणि नाम कसं होणार हे तो धातू ठरवतो.

'मिट' घ्या. परमिट, ॲडमिट, सबमिट, ओमिट, ट्रान्समिट. सगळ्यांचं नाम 'मिशन'वर संपतं: परमिशन, ॲडमिशन, सबमिशन, ओमिशन, ट्रान्समिशन. 'ड्यूस' घ्या. प्रोड्यूस, रिड्यूस, इंट्रोड्यूस यांचं प्रॉडक्शन, रिडक्शन, इंट्रोडक्शन. 'सीव्ह'चं 'सेप्शन' होतं: रिसीव्ह, डिसीव्ह, पर्सीव्ह यांचं रिसेप्शन, डिसेप्शन, पर्सेप्शन. 'स्क्राइब'चं 'स्क्रिप्शन': डिस्क्राइब, प्रिस्क्राइब, सबस्क्राइब. 'पेल'चं 'पल्शन': एक्स्पेल, कम्पेल, रिपेल. आणि 'ड'च्या उच्चारावर संपणारी पुष्कळ क्रियापदं 'जन'कडे जातात: डिसाइड, डिव्हाइड, एक्स्प्लोड, इन्व्हेड, कन्क्लूड यांचं डिसिजन, डिव्हिजन, एक्स्प्लोजन, इन्व्हेजन, कन्क्लूजन. शब्द 'फाय'वर संपला तर बहुधा 'फिकेशन' (सर्टिफायचं सर्टिफिकेशन), 'एट'वर संपला तर 'एशन' (इरिगेटचं इरिगेशन), 'आइझ'वर संपला तर 'आयझेशन'. एवढ्या ओळींत तक्त्यातले कितीतरी शब्द आले.

यातला 'ड'चा 'ज' किंवा 'ट'चा 'श' कुठून आला, हे मुलं विचारतात आणि त्यांना ते सांगायलाच हवं. लॅटिनमध्ये एकाच क्रियापदाची दोन रूपं असत, एक चालू कामाचं आणि एक झालेल्या कामाचं. इंग्रजीने क्रियापद पहिल्या रूपावरून घेतलं आणि नाम दुसऱ्यावरून. संस्कृत शिकलेल्याला हे ओळखीचं वाटेल: मुच्-मुक्त-मुक्ती, दृश्-दृष्ट-दृष्टी, बुध्-बुद्ध-बुद्धी, भज्-भक्त-भक्ती. धातूत 'च' आहे पण मुक्तीत 'क' आहे, कारण मुक्ती 'मुक्त'च्या वाटेने आली. डिसाइडचा 'ड' डिसिजनमध्ये दिसत नाही त्याचं कारण हेच. हे साम्य योगायोगाचंही नाही. भाषांचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून निघाल्याचं मांडलं, आणि 'मुक्ती'तला 'ति' व इंग्रजी 'शन'मागचा लॅटिन प्रत्यय हे एकमेकांचे नातलग आहेत असं भाषाशास्त्र मानतं.

याचा मोठा फायदा विशेषणात होतो, आणि मला वाटतं हाच भाग क्लासमध्ये सर्वांत कमी सांगितला जातो. या घराण्यातलं विशेषण क्रियापदावरून शोधू नका, नामावरून शोधा. 'शन' काढून 'टिव्ह' किंवा 'सिव्ह' ठेवा. प्रॉडक्शन-प्रॉडक्टिव्ह, ॲट्रॅक्शन-ॲट्रॅक्टिव्ह, क्रिएशन-क्रिएटिव्ह, डिसिजन-डिसायसिव्ह, एक्स्प्लोजन-एक्स्प्लोसिव्ह, डिसेप्शन-डिसेप्टिव्ह. एक नाम आलं की विशेषण जवळजवळ फुकट. काहींना 'टिव्ह'ऐवजी 'टरी' लागतो: इंट्रोडक्शन-इंट्रोडक्टरी, एक्स्प्लनेशन-एक्स्प्लॅनेटरी, सॅटिस्फॅक्शन-सॅटिस्फॅक्टरी. तसंच 'अन्स'वर संपणाऱ्या नामाचं विशेषण 'अन्ट'वर संपतं: डिफरन्स-डिफरन्ट, रेझिस्टन्स-रेझिस्टन्ट. (परफॉर्मन्स, अपिअरन्स यांना असं विशेषण नाही, ते सोडून द्या.)

आता तुम्ही म्हणाल, नाम तरी कसं सापडायचं? ताई, ते तुमच्या बोलण्यात आहे. मराठीने इंग्रजीतून नामं भराभर उचलली आहेत. ॲडमिशन, सिलेक्शन, रजिस्ट्रेशन, कनेक्शन, पेमेंट, ट्रीटमेंट, अपॉइंटमेंट, डिलिव्हरी, रिकव्हरी, परफॉर्मन्स, इन्शुरन्स, ॲप्रूव्हल. निर्यातीसाठी प्लॉटचं रजिस्ट्रेशन होतं, इन्स्पेक्शन होतं, मालाचं सर्टिफिकेशन होतं. मुलगी हे शब्द लहानपणापासून ऐकते आहे. तेव्हा तिला तक्ता उलटा वाचायला सांगा. आधी ओळखीचं नाम, मग त्यातून क्रियापद: रिकव्हरी म्हणजे रिकव्हर, ॲप्रूव्हल म्हणजे ॲप्रूव्ह, इन्शुरन्स म्हणजे इन्शुअर. ओळखीकडून अनोळखीकडे गेलं की डोक्यात बसतं.

मेन्ट, अल, अन्स, चर, ई यांतला कुठला प्रत्यय कुणाला, याला मात्र पक्का नियम नाही, तसं असल्याचं कुणी सांगितलं तरी मानू नका. डेव्हलपला मेन्ट आणि डिलिव्हरला ई, हे वापराने ठरलं. दोन्ही घराण्यांत ये-जाही झाली आहे. मेन्ट हा बाहेरचा, पण घरच्या शिपला लागून शिपमेंट झालं, सेटलला लागून सेटलमेंट.

एबल म्हणजे 'करण्याजोगा'. वाचनीयमधला नीय, किंवा टिकाऊमधला आऊ. हा आता कुणालाही लागतो: वॉशेबल, ड्रिंकेबल, रिलाएबल. स्पेलिंगमध्ये ए-बी-एल-ई की आय-बी-एल-ई हा गोंधळ असतो. तिथेही नामच मदतीला येतं. नाम 'एशन' असेल तर बहुतेक वेळा ए: ॲप्लिकेशन-ॲप्लिकेबल, इमॅजिनेशन-इमॅजिनेबल. नाम नुसतं 'जन' किंवा 'मिशन' असेल तर बहुतेक वेळा आय: डिव्हिजन-डिव्हिजिबल, परमिशन-परमिसिबल. प्रेडिक्टेबलसारखे अपवाद आहेत, पण शंका आली तर या अंदाजाने लिहावं.

इंग आणि एड लागून झालेली विशेषणं सोपी आहेत, तरी 'आय ॲम बोरिंग' हे वाक्य दरवर्षी वहीत सापडतं. कंटाळवाणा तास म्हणजे बोरिंग, कंटाळलेली मुलगी म्हणजे बोअर्ड. जो परिणाम घडवतो त्याला इंग, ज्याच्यावर घडतो त्याला एड. टायरिंग प्रवास, टायर्ड प्रवासी. ब्रोकन, स्पोकन, रिटन, फ्रोझन ही तिसरी रूपंही 'तुटलेला, बोललेला, लिहिलेला, गोठलेला' अशी सरळ विशेषणं होतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. तक्ता येतो, मग वाक्य का चुकतं? कारण क्रियापद उठून नाम बसलं की वाक्यातल्या बाकीच्या शब्दांनाही जागा बदलावी लागते, आणि तक्त्यात ते लिहिलेलं नसतं.

हे मराठीत करून बघा. 'आम्ही बाग छाटली.' आता छाटणी हा शब्द वापरा. 'आम्ही बागेची छाटणी केली.' दोन गोष्टी झाल्या. 'बाग'ला 'ची' लागली, आणि क्रियापद गेल्यामुळे 'केली' हे नवं क्रियापद आणावं लागलं. इंग्रजीतही हे दोन्ही होतं. 'ची'च्या जागी सहसा 'ऑफ' येतो आणि 'केली'च्या जागी मेक, टेक, गिव्ह, हॅव यांपैकी एक.

तिसरी गोष्ट इंग्रजीत जास्त ठळक दिसते. क्रियापदाजवळ जे क्रियाविशेषण होतं, ते नामाजवळ विशेषण होतं. 'शी एक्स्प्लेन्ड द सम क्लिअरली' हे वाक्य घ्या. नाम एक्स्प्लनेशन. क्लिअरलीचा 'ली' गळतो. सम या कर्माला ऑफ लागतो. गिव्ह येतो, आणि मूळ क्रियापद भूतकाळात होतं म्हणून तो गेव्ह होतो. 'शी गेव्ह अ क्लिअर एक्स्प्लनेशन ऑफ द सम.' तुमची मुलगी बहुधा 'शी एक्स्प्लनेशन द सम क्लिअरली' असं लिहीत असेल. शब्द बरोबर, पण वाक्यात क्रियापदच उरलं नाही. तिची वही काढा आणि चुकलेली वाक्यं या तीन गोष्टींवर तपासा: नवं क्रियापद आणलं का, 'ली' काढला का, कर्माला शब्दयोगी लावला का. चूक नेमकी कुठली ते लगेच दिसेल.

शब्दयोगी नेहमी ऑफच असतो असं नाही, आणि मार्क इथेच जातात. 'दे अटॅक्ड द फोर्ट' होतं 'दे मेड ॲन अटॅक ऑन द फोर्ट'. आपण किल्ल्यावर हल्ला करतो, तो 'वर' म्हणजेच हा ऑन. 'दे एन्टर्ड द हॉल' यात इन टू नाही, पण नाम केलं की 'देअर एन्ट्री इन टू द हॉल'. 'शी रिझेम्बल्स हर मदर' होतं 'शी बेअर्स अ रिझेम्ब्लन्स टू हर मदर'. कर्त्याचंही असंच. 'ही अराइव्हड लेट'मधला ही, नामाजवळ हिज होतो: 'हिज लेट अरायव्हल'. म्हणून तक्त्यात नुसतं रिझेम्ब्लन्स न लिहिता रिझेम्ब्लन्स टू असं जोडीने लिहायचं.

विशेषण वापरून वाक्य करायचं असेल तर बहुतेकदा इज, आर, वॉज यांतलं एक लागतं. 'स्मोकिंग हार्म्स हेल्थ' होतं 'स्मोकिंग इज हार्मफुल टू हेल्थ'. 'ही सक्सीडेड' होतं 'ही वॉज सक्सेसफुल'. एबलवाल्या विशेषणात मात्र वाक्य उलटं फिरतं: 'वी कॅन डिव्हाइड ट्वेल्व्ह बाय थ्री' याचं 'ट्वेल्व्ह इज डिव्हिजिबल बाय थ्री'. कर्म पुढे येऊन कर्ता होतं आणि कॅन जातो, कारण त्याचा अर्थ एबलमध्येच आहे. 'यू कॅन रिलाय ऑन हिम' याचं 'ही इज रिलाएबल', इथे तर ऑनसुद्धा गळतो. पेपरात 'कॅन' दिसला आणि विशेषण मागितलं की ही शक्यता आधी तपासावी.

उच्चाराचंही थोडं सांगते, कारण त्याने स्पेलिंग सुधारतं. 'शन' लागला की जोर नेहमी त्याच्या अगदी आधीच्या अवयवावर जातो आणि मागचे स्वर बारीक होतात. म्हणून एक्स्प्लेनमधला 'ए-आय' एक्स्प्लनेशनमध्ये नुसता 'ए' उरतो आणि रिपीटमधल्या 'ई-ए'चा रिपिटिशनमध्ये एकटा 'ई' होतो. प्रनाउन्सचं प्रनन्सिएशन होतं, तिथे 'नाउन' लिहिलं की चूक. रेकॉर्ड, इम्पोर्ट, प्रेझेंट या शब्दांत स्पेलिंग तेच राहतं, पण नामात जोर पहिल्या अवयवावर आणि क्रियापदात दुसऱ्यावर. ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ यांत नामाला 'स', क्रियापदाला 'जहाज'मधला ज. स्पेलिंगही त्याप्रमाणे सी आणि एस.

एकाच क्रियापदाची दोन-तीन नामं असतील तर अर्थ बघून निवडावं. रिसीव्हचं रिसेप्शन म्हणजे स्वागत आणि रिसीट म्हणजे पावती. कमिटचं कमिटमेंट म्हणजे बांधिलकी. एम्प्लॉयचं एम्प्लॉयमेंट हे काम, एम्प्लॉयर हा काम देणारा, एम्प्लॉयी हा काम करणारा. अर आणि ई यांची ही जोडी पेअर-पेयी अशीही चालते.

क्लासचा तक्ता टाकून देऊ नका. मुलीला तो नव्या वहीत घराण्याप्रमाणे उतरवून काढायला सांगा: घरचे छोटे शब्द एका पानावर, मिटवाले एका, ड्यूसवाले एका, 'ड'चे 'जन' होणारे एका. कुठेच न बसणारे शेवटच्या पानावर. प्रत्येक नामापुढे त्याचं सोबतीचं क्रियापद आणि शब्दयोगी लिहायचा, आणि दोन वाक्यं: एक क्रियापदाचं, एक नामाचं. नवा शब्द अडला तर शब्दकोशात फक्त अर्थ न बघता खालची उदाहरणाची वाक्यं वाचायची, शब्दयोगी तिथेच सापडतो. रविवारी नाशिकला येणं होत असेल तर सार्वजनिक वाचनालयात जा, १८४० पासूनची संस्था आहे. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या एका बातमीतले शन, मेन्ट आणि अन्स वहीत उतरवायला तिला तासभर पुरेल. पहिल्या आठवड्यात फक्त मिट आणि ड्यूस घ्या.